मंदीत दारूचा खप घटतो, मग व्यसनाचा आजार का वाढतो?

प्रश्न असा आहे की मंदीच्या काळात लोकांच्या हातात पैसा कमी असतो आणि दारू काही फुकट मिळत नाही, तेव्हा साध्या हिशोबाने मद्यपान कमी व्हायला हवे. मग बेकारी वाढली की व्यसनाचे प्रश्न वाढतात असे जे सर्रास म्हटले जाते त्यात तथ्य किती, आणि घरातल्या एखाद्याची नोकरी गेल्यानंतर त्याचे पिणे बदलताना दिसू लागले तर घरच्यांनी नेमके कशाकडे लक्ष द्यावे. मी मनोविकारतज्ज्ञ असून माझी बहुतेक कारकीर्द व्यसनमुक्तीच्या कामात गेली आहे. माझे उत्तर असे की दोन्ही म्हणणी खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांबद्दल आहेत. मंदीत समाजाचे एकूण मद्यपान बहुधा थोडे घटते, पण घटवणारे असतात ते मुख्यतः अधूनमधून, मजेसाठी पिणारे लोक. जो लहान गट आधीपासूनच काठावर उभा असतो त्याचे पिणे याच काळात अधिक धोकादायक होते. सरासरीचा आकडा या दोघांची बेरीज करून मोकळा होतो आणि त्यामुळे ‘मंदी आरोग्याला बरी’ असा निष्कर्ष काढणारा आणि ‘मंदीने घरे दारूत बुडतात’ असे सांगणारा, दोघेही आपापल्या पुराव्यावर ठाम राहतात.

पुरावा काय आहे तो आधी पाहू. अमेरिकेत २००८–०९ च्या मोठ्या मंदीच्या काळातील प्रौढांच्या आरोग्य-सर्वेक्षणाचे आकडे या बाबतीत फार बोलके आहेत. २००६–०७ मध्ये मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण ५२.० टक्के होते, ते २००८–०९ मध्ये ५१.६ टक्क्यांवर आले. म्हणजे पिणाऱ्यांची संख्या सुमारे ८ लाख ८० हजारांनी कमी झाली. त्याच काळात वारंवार एका बैठकीत बेसुमार पिणाऱ्यांचे प्रमाण मात्र ४.८ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर गेले आणि अशा लोकांत सुमारे ७ लाख ७० हजारांची भर पडली. एकाच देशात, एकाच सर्वेक्षणात, एकाच मंदीत दोन्ही गोष्टी घडल्या. युरोपीय संघातील २६ देशांच्या १९७० ते २००७ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासून डेव्हिड स्टक्लर, संजय बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जे मांडले तेही याच दिशेचे आहे. बेकारीचा दर आधीच्यापेक्षा ३ टक्क्यांहून अधिकने वाढला तेव्हा मद्याच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू २८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. मात्र बेकारी वाढताना रस्ते-अपघातांतील मृत्यू घटलेले दिसले. एकूण वाहतूक कमी झाली, बाहेर जाऊन पिणे कमी झाले, हे त्यामागचे संभाव्य कारण आहे. आणि तरीही ज्यांचे यकृत, स्वादुपिंड किंवा मन आधीच पोखरले गेले होते त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळे संशोधन एका सुरात बोलत नाही. क्रिस्टोफर रुम या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००० मध्ये असे दाखवले होते की बेकारी वाढते तेव्हा एकूण मृत्युदर किंचित उतरतो, आणि त्यानंतर २००२ मध्ये विल्यम ब्लॅक यांच्यासह केलेल्या अभ्यासात वाईट काळात जास्त पिणाऱ्यांचे पिणेही कमी होत असल्याचे त्यांना आढळले होते. नंतरच्या काही अभ्यासांनी, विशेषतः त्याच व्यक्तींची काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासणी करणाऱ्यांनी, याच्या उलट चित्र मांडले. माझ्या मते या मतभेदाचे मोठे कारण असे की घरोघरी फिरून किंवा दूरध्वनीवरून केलेल्या सर्वेक्षणात गंभीर व्यसनी माणूस सापडणे मुळात अवघड असते. तो घरी नसतो, फोन उचलत नाही, उचलला तर खरे सांगत नाही, आणि मंदीत ज्याचे घरच सुटले तो तर यादीतूनच गळतो. मृत्यूच्या नोंदींत मात्र त्याला टाळता येत नाही. म्हणून सर्वेक्षणांतून सुधारणा दिसते आणि मृत्यूंच्या नोंदींतून ऱ्हास, असा विरोधाभास दिसला तर मी दुसऱ्याला अधिक वजन देतो.

दुसरा आक्षेप कार्यकारणाचा. जो आधीच पीत होता त्याचीच नोकरी आधी जाते, तेव्हा बेकारीमुळे दारू वाढली असे न म्हणता दारूमुळे बेकारी आली असे का म्हणू नये? वैयक्तिक पातळीवर हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि दवाखान्यात येणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत तेच खरे असते. पण जेव्हा अख्खा कारखाना बंद पडतो तेव्हा शिस्तीचा आणि व्यसनी, दोघेही एकाच दिवशी घरी बसतात, आणि म्हणून अशा बंद पडलेल्या आस्थापनांचा अभ्यास फार उपयोगी ठरतो. स्वीडनमध्ये १९८७–८८ साली बंद पडलेल्या आस्थापनांतील कामगारांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या चार वर्षांत पुरुषांच्या एकूण मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि आत्महत्या व मद्याशी निगडित कारणांनी होणारे मृत्यू स्त्री-पुरुष दोघांतही सुमारे दुप्पट झाले. स्वीडनसारख्या, बेकारांना बऱ्यापैकी आधार देणाऱ्या देशात हे घडले, हे लक्षात ठेवावे.

आता पैसा कमी झाला की पिणे कमी व्हायला हवे या मूळ तर्काकडे येऊ. हा तर्क चुकीचा नाही, तो अपुरा आहे. दारूची किंमत आणि खप यांच्या संबंधावरील शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार किंमत १० टक्क्यांनी वाढली तर एकूण मद्यपान सुमारे ५ टक्क्यांनी घटते, परंतु अतिसेवन करणाऱ्यांत ही घट जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास राहते. खिशाला चटका बसला की तेही हात आखडतात, पण बाकीच्यांपेक्षा बरेच कमी, कारण त्यांच्या शरीराची मागणी पैशाच्या हिशोबाने चालत नाही. उत्पन्न घटल्यावर असा माणूस आधी दारू सोडत नाही. तो आधी दारूचा दर्जा सोडतो, मग फळे, दूध, औषधे सोडतो, मग मुलांच्या खर्चाला कात्री लावतो, मग उसने घेतो. हलक्या पेयांकडून स्वस्त आणि तीव्र मद्याकडे, मद्यगृहाकडून घराकडे, जेवणासोबतच्या पिण्याकडून उपाशीपोटी पिण्याकडे, असा हा प्रवास असतो, आणि यातील प्रत्येक टप्प्यावर बाटल्यांवर होणारा खर्च कमी होऊनही शरीराला होणारी इजा वाढत जाते. सारखेच प्रमाण घेऊनही गरिबाचे नुकसान श्रीमंतापेक्षा अधिक होते हे अनेक देशांत वारंवार आढळले आहे. कुपोषण, धूम्रपान, उशिरा मिळणारे उपचार आणि एका बैठकीत भरपूर पिण्याची पद्धत ही त्याची कारणे सांगितली जातात. मंदी अनेकांना गरिबीच्या त्या बाजूला ढकलते.

सरकारची किंमत आणि उपलब्धता यांविषयीची भूमिका मंदीइतकीच महत्त्वाची असते, हे तीन देशांच्या अनुभवावरून स्पष्ट होते. २००८ मध्ये आइसलँडची बँकव्यवस्था कोसळली, चलन घसरले, आयात महाग झाली. त्या काळातील अभ्यासात तेथे धूम्रपानाबरोबरच अतिमद्यपानही कमी झालेले आढळले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये बेकारी ३ टक्क्यांच्या आसपासवरून १७ टक्क्यांच्या जवळ पोहोचली, तरीही मद्याचा खप वाढला नाही, उलट घटला, कारण किरकोळ विक्रीवर सरकारी मक्तेदारी होती आणि कर जबर होते. त्याच फिनलंडने २००४ मध्ये, मंदी नसताना, मद्यावरील कर सरासरी एक तृतीयांशाने कमी केला आणि दारूशी निगडित मृत्यू वाढले. रशियात नेमके उलट घडले. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी सुरू केलेल्या दारूविरोधी मोहिमेने मृत्युदर खाली आणला होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये सरकारी मक्तेदारी संपली, इतर वस्तूंच्या मानाने व्होडका स्वस्त झाली, आणि जे लोक नोकरी, बचत व प्रतिष्ठा एकदम गमावून बसले होते त्यांच्या हाताशी ती आली. १९८७ च्या सुमारास ६५ वर्षांच्या जवळ असलेले पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ मध्ये ५८ च्याही खाली गेले. अत्तरे, औषधी अर्क असे जे द्रव पिण्यासाठी नसतात तेही पिणाऱ्यांचे प्रमाण तेथे लक्षणीय होते. तेव्हा ‘मंदीमुळे दारू वाढते’ असे सरसकट विधान करण्यापेक्षा, मंदी माणसाला असुरक्षित करते आणि स्वस्त दारू त्या असुरक्षिततेचा फायदा घेते, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल.

पण पैशाच्या चर्चेत नोकरीचे दुसरे काम झाकले जाते, आणि व्यसनाच्या दृष्टीने ते मला पगारापेक्षा मोठे वाटते. नोकरी दिवसाला आकार देते. ऑस्ट्रियातील मारियेन्थाल या गावातील कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली तेव्हा मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तेथील बेकार कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. फावला वेळ एवढा वाढूनही ग्रंथालयातून नेली जाणारी पुस्तके कमी झाली, पुरुष रस्त्याने रेंगाळत चालू लागले, आणि दिवसभरात काय केले हे त्यांना नीट सांगताही येईना. याहोदा यांनी पुढे मांडले की रोजगार पगाराबरोबरच वेळेची घडी, कुटुंबाबाहेरच्या माणसांचा सहवास, सामाईक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल या पाच गोष्टी नकळत पुरवतो. वरवर सुरळीत दिसणाऱ्या अनेक पिणाऱ्यांचे व्यसन याच घडीने आवरून धरलेले असते. संध्याकाळी सातच्या आधी नाही, कारण कामावर वास येईल. रात्री अमुकपेक्षा जास्त नाही, कारण सकाळी उठायचे आहे. रविवारी दुपारी चालेल, सोमवारी नाही. हे नियम त्याने स्वतःच्या निग्रहाने पाळलेले नसतात, ते हजेरीच्या वेळेने त्याच्याकडून पाळून घेतलेले असतात. नोकरी गेली की सातचे पाच होतात, पाचचे दुपार होते, आणि मग सकाळी अंगाचा कंप थांबवण्यासाठी पहिला घोट घ्यावा लागतो. हा शेवटचा टप्पा आला की प्रश्न मनाचा राहत नाही, मेंदूच्या रसायनाचा होतो.

म्हणूनच कुटुंबाला मी ‘किती पितात’ यापेक्षा ‘केव्हा पितात’ हे आधी विचारतो. प्रमाण लपवता येते, वेळ लपवणे अवघड जाते. पहिल्या पेल्याची वेळ अलीकडे सरकत असेल, एकट्याने पिणे सुरू झाले असेल, पिण्याआधी हात थरथरत असतील आणि प्यायल्यावर थांबत असतील, न्याहारी टळत असेल, तर एकूण खर्च कमी झालेला असला तरी आजार पुढे गेला आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली या कामी साधी आणि भरवशाची आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण असतात, एकूण ४० पैकी ८ किंवा त्याहून अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र तिचे बरेच प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल विचारतात; नोकरी जाऊन तीनच महिने झाले असतील तर उत्तर देणारा प्रामाणिकपणे वर्षाची सरासरी सांगतो आणि ताजा बदल त्यात विरून जातो. अशा वेळी मी नोकरी जाण्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगवेगळा विचारतो.

घरी पिण्याचा मुद्दा थोडा अधिक सांगण्यासारखा आहे. बाहेर पिण्यात पेला मोजून मिळतो, दुकान बंद होण्याची वेळ असते, सोबतीला कोणी ना कोणी असते आणि परतीचा रस्ता असतो. घरात यांपैकी काहीच नसते, आणि मापाबद्दल तर विचारूच नये. स्वतःच्या हाताने ओतलेला ‘एक पेग’ हा अनेकदा प्रमाणित मापापेक्षा बराच मोठा असतो. कोविडच्या काळात याचा मोठ्या प्रमाणावर प्रत्यय आला. ब्रिटनमध्ये केवळ मद्यामुळे होणाऱ्या मृत्यूंची संख्या २०१९ मध्ये ७,५६५ होती, ती २०२० मध्ये ८,९७४ आणि २०२१ मध्ये ९,६४१ झाली. तो काळ निव्वळ मंदीचा नव्हता, एकांतवास आणि भीती त्यात मिसळलेली होती, म्हणून त्या आकड्यांवरून मंदीबद्दल फार निष्कर्ष काढू नयेत; पण दिवसाची घडी मोडली आणि पिणे घराच्या चार भिंतींत आले की आधीपासून जास्त पिणाऱ्यांचे काय होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

ज्यांची नोकरी टिकली त्यांचेही चित्र सरळ नाही. अमेरिकेतील राल्फ कॅटॅलानो व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात नोकरी गेलेल्यांत मद्याच्या गैरवापराचा धोका वाढलेला आढळला, पण ज्या भागात कपात जास्त होती तेथे कामावर टिकून असलेल्यांत हा धोका उलट कमी झालेला दिसला. पुढचा नंबर आपला लागू नये या धाकाने माणसे सावध होतात. ही सावधगिरी खरी असते आणि काहींना तिचा कायमचा फायदाही होतो. परंतु व्यसन जडलेल्या माणसात तोच धाक पिणे कमी करण्याऐवजी ते लपवायला शिकवतो. उपचारासाठी तीन-चार आठवड्यांची रजा मागितली तर आपले नाव कपातीच्या यादीत जाईल या भीतीने तो दाखल होणे पुढे ढकलतो, आजारपणातही कामावर जातो, आणि दवाखान्याऐवजी झोपेच्या गोळ्यांवर निभावतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्याने श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो, हे घरच्यांनी पक्के लक्षात ठेवावे. एरवी अनेकांना उपचारांपर्यंत आणतो तो मालकाचा किंवा वरिष्ठाचा दबाव. नोकरीच नसेल तर तो दबाव टाकणाराही कोणी उरत नाही. त्यामुळे मंदीत व्यसनमुक्ती केंद्रातील दाखल रुग्ण घटले तर ते आनंदाचे लक्षण समजू नये.

सर्वांत तातडीचा, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा, धोका पैसा संपण्यातच आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाकडचे पैसे एके दिवशी संपतात, उधारी बंद होते, आणि घरचे समाधानाने म्हणतात की चला, आपोआप सुटली. वास्तविक हे काही तास आणि त्यापुढचे तीन-चार दिवस जिवाशी खेळ करणारे असतात. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणे सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रमाची अवस्था येते, ज्यात माणूस वेळ-स्थळ विसरतो, नसलेल्या गोष्टी पाहतो, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी अनावर होते. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू होऊ शकतो. ज्याला पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली होती किंवा असा भ्रम झाला होता त्याला हा धोका पुन्हा अधिक असतो. त्यामुळे पैशाअभावी अचानक दारू बंद झाली असेल आणि वरील लक्षणे दिसू लागली असतील तर थांबू नये, थेट रुग्णालयात न्यावे. तेथे बेंझोडायझेपिन गटातील औषधे देखरेखीखाली देऊन आणि मात्रा क्रमाने उतरवत हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो. त्यासोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पुरेशा मात्रेत देणे अत्यावश्यक आहे. महिनोन्महिने अर्धपोटी पिणाऱ्या शरीरात ते जवळजवळ संपलेले असते आणि त्याच्या अभावी मेंदूला होणारी इजा कायमची राहू शकते. तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे नशेचीच समजून दुर्लक्षिली जातात. घरच्या घरी स्वतःच्या मनाने ‘एकदम बंद’ करवण्याचा आग्रह, विशेषतः रोज सकाळपासून पिणाऱ्याच्या बाबतीत, धरू नये.

पैसा संपण्याची दुसरी वाट बेकायदा, घरगुती किंवा भेसळीच्या दारूकडे जाते. तिच्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असले तर सुरुवातीची नशा नेहमीसारखीच भासते आणि पुढच्या १२ ते २४ तासांत दृष्टी धूसर होणे, पोटदुखी, उलट्या, श्वास जलद होणे अशी लक्षणे उमटतात. ती दिसताच वाट पाहू नये. वेळेवर उपचार झाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

जे व्यसनातून सुटले आहेत, दोन-पाच वर्षे व्यवस्थित राहिले आहेत, त्यांची काळजी मंदीत वेगळ्या कारणाने करावी लागते. त्यांच्या सुधारणेत नोकरीचा वाटा मोठा असतो. ‘मी आता कमावतो, घरात मला किंमत आहे’ ही भावना त्यांना धरून ठेवते. नोकरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी बाटली उघडणारे थोडे असतात. बहुधा आधी व्यसनमुक्तांच्या आधारगटाच्या बैठकांना जाणे थांबते, कारण तेथे आपली अडचण सांगायची लाज वाटते. मग जुने मित्र भेटू लागतात, कारण दिवसा मोकळे तेच असतात. कर्जाचे हप्ते थकतात, फोन उचलणे बंद होते, झोप बिघडते, आणि पिणे सुरू होते ते यानंतर. म्हणजे घसरण ओळखायला आणि थांबवायला अनेक आठवडे हातात असतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही व्यसनी माणसांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ अमेरिकेत १९३५ मध्ये, जागतिक महामंदीच्या ऐन मध्यात सुरू झाली, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. तिच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन शेअर बाजारात कारकीर्द गमावलेले होते, आणि ॲक्रन या गावी एक व्यावसायिक प्रयत्न फसल्यावर पिण्याची ओढ अनावर झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्या व्यसनी माणसाला शोधून काढले. बैठकीला प्रवेशशुल्क नसते, आणि बेकारीत हा मुद्दा लहान नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांसारखी ओढ आवरणारी किंवा पिण्यापासून रोखणारी औषधे चालू असतील तर खर्च वाचवण्यासाठी ती परस्पर बंद करू नयेत. खर्चाची अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगितली तर पर्याय निघतो. डायसल्फिराम मात्र रुग्णाला न सांगता अन्नातून देण्याचा उद्योग कोणीही करू नये, त्यावर दारू घेतली गेली तर जिवावर बेतते.

कुटुंबाच्या वागण्याबद्दल माझी मते थोडी कठोर वाटतील. बेकार माणसाला ‘बिचारा तणावात आहे, घेऊ दे थोडी’ म्हणणे ही दया महागात पडते, कारण दारू तणाव काही तास बोथट करते आणि दुसऱ्या दिवशी चिंता व खिन्नता वाढवून परत करते. त्याच वेळी ‘कमवत नाहीस आणि वर पितोस’ हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकवणेही तितकेच निरुपयोगी आहे. त्याला ते आधीच माहीत असते आणि तीच लाज तो बुडवू पाहत असतो. उपयोगी पडतात त्या रुक्ष, व्यवहारी गोष्टी. सकाळी ठरल्या वेळी उठून घराबाहेर पडावे लागेल असे काही काम, बिनपगारी असले तरी, त्याच्यावर सोपवावे. घरातील रोख आणि कर्जाचा हिशोब दोघांसमोर कागदावर मांडावा, कारण व्यसनी घरात कर्जाचा आकडा कोणालाच पूर्ण ठाऊक नसतो आणि न सांगितलेले कर्ज हे पिण्याचे मोठे निमित्त असते. त्याच्यासाठी परस्पर उसने फेडणे, मालकाला खोटी कारणे सांगणे थांबवावे. आणि तो मरणाची भाषा बोलत असेल, निरवानिरवीच्या गोष्टी करत असेल, तर सरळ विचारावे की जीव देण्याचे विचार मनात येतात का. असे विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. बेकारी, कर्ज आणि दारू एकत्र आली की आत्महत्येचा धोका खरोखर वाढतो. होकारार्थी उत्तर आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावे.

वरील सारे मी ‘तो’ म्हणून लिहिले, कारण संशोधनात मंदीचा मद्यपानावरील परिणाम पुरुषांत अधिक स्पष्ट आढळतो. परंतु स्त्रियांचे पिणे अधिक लपलेले असते आणि त्यांच्या शरीरात तेवढ्याच मद्याने अधिक व लवकर इजा होते, म्हणून एखाद्या स्त्रीबाबत शंका आली तर ती सहसा उशिराच आलेली असते असे समजून चालावे.

शेवटी, मंदी उलटल्यावर काय होते हेही विचारात घ्यावे, कारण बहुतेक कुटुंबांची सारी आशा नव्या नोकरीवर असते. नोकरी मिळाली की सौम्य पिणारे बरेचसे पूर्वपदावर येतात. ज्याला शारीरिक अवलंबित्व जडले आहे त्याचे पिणे मात्र पगार सुरू झाल्याने उतरत नाही. उलट हातात पैसा आल्याने वाढू शकते, आणि महिनाभरात ही नोकरीही जाते. म्हणून अशा माणसाने आधी उपचार आणि मग नोकरी असा क्रम ठेवावा, हे शक्य नसेल तर दोन्ही एकदम चालवावे, पण ‘नोकरी लागली की सोडेन’ हा करार घरच्यांनी मान्य करू नये. नव्या नोकरीचे पहिले दोन-तीन पगार थेट घरखर्चाच्या खात्यात जातील अशी व्यवस्था त्याच्या संमतीने, लेखी ठरवून, रुजू होण्याआधीच करावी. पगाराच्या दिवशी संध्याकाळी बैठक किंवा समुपदेशकाची भेट ठेवावी. आणि डॉक्टरांकडील पाठपुरावा किमान वर्षभर चालू ठेवावा, त्यासाठी कामाच्या वेळा सोडून भेटीची वेळ मागून घ्यावी.